‘ड’ जीवनसत्त्व, लहान मुलं आणि ‘कोवळं ऊन’

मुडदूस, म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, अर्धपोटी राहिल्याने होतो, हा समज जुना. 1922 साली प्रसिद्ध झालेल्या नाशिकच्या पाहणीत चित्र उलटं निघालं. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची, जेमतेम खाणारी मुलं धड होती. पडद्यातल्या सुखवस्तू घरांत, अंधाऱ्या खोल्यांत वाढणारी बाळं मुडदुसाने वाकलेली. फरक उन्हाचा होता: कातडीवर ऊन पडलं की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते कमी पडलं की मुडदूस होतो.

बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हात धरायची रीत आपल्याकडे होतीच. सल्ला देतानाही तोच शब्द तोंडात बसला, आणि घोळ तिथेच झाला. कोवळं म्हणजे सकाळी सात-आठचं, न भाजणारं. पण कातडीत ‘ड’ तयार करणारे अतिनील-ब किरण तेव्हा जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. सूर्य कललेला असतो, किरणांना हवेतून लांबची वाट पडते, ओझोन त्यांना मधेच शोषून घेतो. ते मिळतात साधारण दहा ते तीनच्या दरम्यान. मूल अंगणात उभं करून पाहा: सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन कामाचं. खिडकीची काच बंद असेल तर व्यर्थ. चैत्र-वैशाखात हे आयांच्या जिवावर येतं, ते खरंच आहे. पण डोक्याला टोपी आणि हात-पाय उघडे, अशी थोडी मिनिटं पुरतात. कातडी लाल होईपर्यंत थांबायचं नाही.

पुढे वाद झाला तो रक्तात ‘ड’ किती हवं, या आकड्याचा. मुलांसाठी मिलिलिटरला 12 नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, असं 2016 च्या सुमारास ठरलं. 2016–18 च्या देशव्यापी पाहणीत 1 ते 4 वर्षांची 14 टक्के मुलं त्याखाली होती. रेषा 20 वर ओढली असती तर आकडा वाढलाच असता.

मला खटकते ती मधली फट. पहिल्या वर्षी रोज 400 युनिटचे थेंब सगळ्यांना सांगितले जातात. वाढदिवस झाला की बाटली कपाटात जाते, गरज मात्र 2020 च्या शिफारशीनुसार 600 होते. अंड्याच्या एका बलकातून जेमतेम 40 मिळतात. ‘+एफ’ खुणेच्या, म्हणजे वरून जीवनसत्त्वं मिसळलेल्या दुधात लिटरला 200 ते 300, म्हणजे कपभर दुधातून फार तर 60. ऊन नसलेल्या फ्लॅटमध्ये बाकीचे कुठून येणार, हे लसीकरणाच्या भेटीतच विचारायला हवं. थेंब पुढे चालू ठेवायचे ठरले तर बाटलीवरचा आकडा वाचावा: काहींत एका मिलिलिटरला 400 युनिट असतात, काहींत 800.