स्क्रीन काळी ठेवून वेब वाचणारी माणसं

कोथरूडला माझा एक मित्र राहतो, बँकेत आहे, जन्मापासून दिसत नाही. त्याच्या लॅपटॉपचा ब्राइटनेस कायम शून्यावर, कारण एक तर बॅटरी वाचते आणि दुसरं म्हणजे बसमधे शेजारचा डोकावत नाही. एकदा मला दाखवायला म्हणून त्याने ब्राइटनेस वाढवला, तर आत काळं टर्मिनल आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत एक मोठा इंग्रजी लेख उघडलेला. चित्र नाही, जाहिरात नाही, माउसचा बाण नाही. मला वाटलं अंधांसाठी कोणीतरी मुद्दाम बनवलेलं सॉफ्टवेअर असणार. तो म्हणाला, "नाही रे, हे तुमचंच होतं. तुम्ही सोडून गेलात, आम्ही राहिलो."

ते सॉफ्टवेअर म्हणजे लिंक्स, नुसती अक्षरं दाखवणारा ब्राउझर. मग मी शोधायला लागलो तर लक्षात आलं की तो अगदी शब्दशः खरं बोलत होता.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट नावाच्या महागड्या कॉम्प्युटरवर चालायचा, आणि ते मशीन सगळ्यांकडे थोडंच होतं. म्हणून निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने, ती तिथे इंटर्न होती, कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा 'लाइन मोड ब्राउझर' लिहिला. १९९१ मधे तो बाहेर आला. त्यात लिंक म्हणजे शब्दापुढे कंसात एक आकडा, तो टाइप करायचा, एंटर मारायचं, पुढचं पान. बाहेरच्या जगाने वेब पहिल्यांदा पाहिलं ते बहुतेक असंच, नुसत्या अक्षरांत. म्हणजे आधी रंगीत वेब आलं आणि मग कोणाला तरी दया येऊन साधं केलं, असं झालेलंच नाही.

लिंक्स आला १९९२ ला, अमेरिकेत कॅन्सस युनिव्हर्सिटीत. लू मोंटुली, मायकल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक या तिघांनी कॅम्पसवरची माहिती मुलांना वाचता यावी म्हणून तो बनवला आणि नंतर तो वेबला जोडला गेला. वेगवेगळे लोक सांभाळत तो आजही चालू आहे, अजून देखभाल होत असलेला सगळ्यात जुना ब्राउझर हाच. लिंक्स हे त्या रानमांजराचं नाव, आणि इंग्रजीत 'दुवे' या शब्दाचा उच्चारही तोच, अशी ती कोटी आहे. पुढे १९९९ मधे एका चेक प्रोग्रामरने दुसरा टेक्स्ट ब्राउझर काढला आणि त्याचंही नाव लिंक्सच, फक्त इंग्रजी स्पेलिंग वेगळं. देवनागरीत लिहिताना दोघांत फरकच करता येत नाही, त्यामुळे आमच्यात एक 'मांजरवाला' आणि एक 'दुसरा'. ऐकून वापरणाऱ्यालाही तोच घोळ, तो बिचारा प्रत्येक वेळी स्पेलिंग ऐकतो.

आता दिसत नसलेल्या माणसाला हे का सोयीचं पडलं, तर त्यासाठी डॉसच्या म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यात जावं लागतं. डॉसची स्क्रीन म्हणजे ८० कॉलम आणि २५ ओळी, २,००० घरं, आणि प्रत्येक घरात कुठलं अक्षर आहे त्याचा कोड मेमरीत ठरलेल्या जागी ठेवलेला असायचा. स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, तिथून कोड उचलायचा आणि बोलणाऱ्या डब्याकडे पाठवायचा, इतकं सरळ. डबा हा अक्षरशः डबाच होता बरं का, १९८४ ला आलेला डेकटॉक त्यातला प्रसिद्ध, किंमत सुमारे ४,००० डॉलर, म्हणजे आपल्याकडे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण डॉसमधे स्क्रीनवर जे दिसतंय तेच मेमरीत अक्षर म्हणून आहे ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं याच्यावरच आहेत. टेड हेंटर नावाचा मोटरसायकल रेसर, अपघातात दृष्टी गेल्यावर प्रोग्रामर झाला, त्याने जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ ला आणला तोही डॉससाठीच.

मग विंडोज आलं आणि अक्षर गेलं. म्हणजे दिसायला होतं, पण मेमरीत नुसते ठिपके. 'क' आणि गुलाबाचं फूल यात कॉम्प्युटरच्या लेखी फरक नाही, दोन्ही चित्रच. स्क्रीन रीडरवाल्यांना मग विंडोज काय काय काढतंय त्यावर मधेच कान लावून पडद्याची आपली एक वेगळी नक्कल तयार ठेवावी लागली, म्हणजे चोरून ऐकायचं आणि अंदाज बांधायचा असा कारभार. जॉजची विंडोज आवृत्ती यायला १९९५ उजाडलं.

त्याच सुमारास वेबवर चित्रं घुसली. मार्क अँड्रीसनने फेब्रुवारी १९९३ मधे पानात चित्र बसवायचा टॅग सुचवला, त्याच वर्षी मोझेक ब्राउझर आला आणि लोक वेडे झाले. लोकांना दोष नाही, मी पण झालो असतो. पण पानं मग पेपरसारखी दोन-तीन कॉलमची झाली आणि तेव्हाचे स्क्रीन रीडर ओळ म्हणजे डावीकडून उजवीकडे सरळ एक रेघ असं धरून वाचायचे. कल्पना करा, डावीकडे पावसाची बातमी आणि उजवीकडे कांद्याची, तर कानावर पडणार "खडकवासला धरणातून आज क्विंटलला दोन हजार रुपयांनी पाणी सोडण्यात व्यापाऱ्यांची नाराजी". लिंक्स मात्र पान फाइलमधे ज्या क्रमाने लिहिलंय त्या क्रमाने एकाखाली एक उलगडायचा, एक गोष्ट संपली की दुसरी. चित्र आलं की त्याच्या जागी लिहिलेला पर्यायी मजकूर दाखवायचा, आणि तो नसला तर नुसतं 'इमेज' असं लिहून पुढे. हा पर्यायी मजकूर ज्याला ऑल्ट म्हणतात, तो वेबची पानं लिहायच्या भाषेच्या १९९५ च्या आवृत्तीत, एचटीएमएल २.० मधे, आहे तो चित्र दाखवू न शकणाऱ्या ब्राउझरसाठी. अंधांसाठीची सोय म्हणून त्याची ओळख नंतर झाली.

त्यामुळे नव्वदीत अनेक अंध लोक विंडोजकडे गेलेच नाहीत. घरी जुनं डॉस, त्यावर चांगला सवयीचा स्क्रीन रीडर, मोडेमने दुसरीकडच्या युनिक्स मशीनवर लॉगिन करायचं आणि तिथला लिंक्स चालवायचा. अक्षरं फोनच्या वायरीतून येणार आणि इकडचा डबा बोलणार. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं तेव्हा स्वस्तातलं होतं ते शेल अकाउंट, त्यात पण नुसती अक्षरंच. ज्यांनी तेव्हा ते वापरलंय ते आठवण काढतात, मोडेमची ती किंचाळी आणि मग काळ्या स्क्रीनवर लिंक्स. डोळस काय अंध काय, सगळे एकाच पंगतीत. पंगत काही वर्षांतच उठली.

आणि इथे पुणं येतं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. लहानपणी थोडं दिसायचं, काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी तेही गेलं. घरची माणसं पुस्तकं वाचून दाखवायची आणि हे गणित शिकायचे, वाडिया कॉलेजमधून पदवी, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलला पीएचडी. १९९४ चा तो प्रबंध म्हणजे गणिताची सूत्रं कानाला कळतील अशी बोलून दाखवणारी सिस्टीम, ॲस्टर तिचं नाव, आणि पुढे त्यांच्या गाइड डॉगचं नावही ॲस्टर. ब्रेल खुणांचा रुबिक क्यूबसुद्धा सोडवतात. १९९५ मधे त्यांनी इमॅकस्पीक काढलं आणि त्यामागचा विचार मला तरी सगळ्यात भारी वाटतो. त्यांचं म्हणणं असं की स्क्रीन वाचायचीच कशाला? स्क्रीन ही डोळ्यांसाठी केलेली मांडणी आहे, ती आधी बनवायची आणि मग चाचपडत उलटी वाचायची हा द्राविडी प्राणायाम झाला. त्यापेक्षा प्रोग्रामला आतून माहीत असतंच ना की हे शीर्षक आहे, ही तारीख आहे, ही लिंक आहे, तर त्यानेच थेट बोलावं, आणि शीर्षक वेगळ्या आवाजात, लिंक वेगळ्या आवाजात. इमॅक्स या एडिटरच्या आतच विल्यम पेरी यांनी लिहिलेला वेब ब्राउझर होता, त्यावर हे बसवलं की पानं बोलायला लागली. पुढे ते गूगलमधे गेले, अँड्रॉइड फोनवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरच्या सुरुवातीच्या कामात ते होते.

जपानमधे चिएको असाकावा, त्यांचीही दृष्टी चौदाव्या वर्षी गेलेली, त्यांनी आयबीएममधे होम पेज रीडर केला, १९९७ ला. त्यात मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि लिंक बाईच्या. त्याच वर्षी वेबच्या मानकांवाल्यांनी ॲक्सेसिबिलिटीसाठी वेगळा गट काढला आणि ५ मे १९९९ ला पहिली नियमावली आली. नियमावलीबद्दल मला फार बोलायचं नाही. २०२४ मधे दहा लाख होमपेज तपासली तेव्हा ९५.९ टक्के पानांत चुका सापडल्या होत्या, यावरून काय ते समजा.

इंग्रजीचं हे असं, पण मराठीत तर आपण अजून एक गंमत करून ठेवली होती. जुन्या मराठी साइट्स आठवतात का, आधी 'फाँट डाउनलोड करा' म्हणायच्या? त्या फाँटमधे मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातले होते. कृतिदेव या तसल्याच एका फाँटमधे 'मराठी' लिहिलं की फाइलमधे पडतं ई, जे, के, बी, एच. डोळ्याला 'मराठी' दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र हा असला काहीतरी इंग्रजी पाढा. त्यात पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी म्हणून टाइपही आधी व्हायची, म्हणजे 'कि' मधे 'इ' आधी आणि 'क' नंतर. डोळ्याला बरोबर, कानाला उलटं. डोळस माणसाला वर्षानुवर्षं पत्ताच नाही, कारण दिसतंय की नीट!

चीड येते ती अशी की बरोबर पद्धत आपल्याकडे आधीपासून होती. कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणायचं, आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम सी-डॅकमधे म्हणजे पुण्यात आलं, आणि १९९१ ला प्रमाण झालेल्या इस्की या भारतीय लिप्यांच्या कोड-पद्धतीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवलेली होती, आधी 'क' मग वेलांटी, दाखवताना काय ते पुढेमागे करा. जगभरच्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड या कोड-पद्धतीने देवनागरीसाठी हीच घडण उचलली. पण छपाईवाल्यांची सगळी सवय जुन्या फाँटची, पेपर त्यातच लागायचा, तोच मजकूर वेबवर ओतला जायचा. युनिकोड घरोघरी पोचेपर्यंत मराठी वेब अंध वाचकाला बंदच होतं म्हणा ना. माझा मित्र म्हणतो की त्याने इंग्रजी बातम्या वाचायला सुरुवात केली ती काही आवड म्हणून नाही.

२००६ मधे ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर सुरू केला, जॉजला हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागायचे तिथे हा शून्य रुपयात. त्याच्यासोबत ईस्पीकचा आवाज येतो, मराठीही बोलतो, अगदी यंत्रासारखं, पण सवय झालेले लोक तो इतक्या स्पीडला ऐकतात की आपल्याला नुसती कुजबुज वाटते. साधे विंडोजमधले ब्राउझर त्यावर चालायला लागले, हेडिंगवरून हेडिंगवर एच दाबून उड्या मारता यायला लागल्या, आणि लिंक्सची गरज बहुतेकांना उरली नाही. माझ्या मित्रालाही तशी नाही, लांब लेख वाचायलाच तो लिंक्स उघडतो.

तेही आता कमी झालंय. लिंक्स जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाच्या आत चालणारे प्रोग्राम, चालवत नाही आणि हल्लीची पानं जावास्क्रिप्टशिवाय रिकामी येतात. जीमेलचं साधं एचटीएमएल रूप २०२४ मधे बंद झालं, जानेवारी २०२५ पासून गूगल सर्चलाही जावास्क्रिप्ट लागायला लागली. मांजरवाल्यात त्याचे अजून विकिपीडिया, दोन-चार ब्लॉग आणि जुनी मॅन्युअल्स मजेत चालतात.

गेल्या महिन्यात त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कपातीची नोटीस आली. कागदावर प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, त्याचा मोबाइलने काढलेला फोटो, तोही तिरका. त्याच्या फोनने ओळखून वाचायचा प्रयत्न केला आणि "गुरुवारी" चं काहीतरी भलतंच केलं. त्याने ग्रुपवर लिहिलं, "कोणीतरी टाइप करून टाका ना." अर्ध्या तासाने एका काकांनी तोच फोटो परत टाकला, या वेळी सरळ करून.