विहीर भरली म्हणजे पाणी किती आलं?

मामेभावाचा फोन आला. "दादा, पाणाड्याने बोअरसाठी जागा दाखवली. तळहातावरचा नारळ ताडकन उभा राहिला. म्हणतो, पाचशे फुटांवर गंगा आहे." भाऊ बी.एस्सी. आहे, म्हणून जरा जास्तच वाईट वाटलं.

तो राहतो माण तालुक्यात. माणगंगा ही पावसाळ्यापुरती नदी, एरवी वाळू. तिथल्या माणसाला जमिनीखाली आणखी एक नदी असावी असं वाटलं तर नवल नाही. पण महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर उभा आहे, आणि त्यात नदी वाहण्याइतकी पोकळी सहसा नसते. असतात त्या भेगा आणि बारीक छिद्रं.

भावाच्या विहिरीत मी एका उन्हाळ्यात उतरलो होतो. आठ परस खोल, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. वर दोन हात माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा खडक, ज्याला मांजऱ्या म्हणतात. त्याखाली काळा पाषाण, पहार मारली तर ठिणगी उडावी असा. मांजऱ्या संपून पाषाण सुरू होतो त्या सांध्यावर शेवाळाची ओली रेघ होती आणि करंगळी जाईल एवढ्या भेगेतून धार गळत होती. झरा झरा म्हणतात तो हाच.

आता गंमत बघा. हा मुरूम-मांजऱ्या एक घनमीटर घेतला, पूर्ण भिजवला आणि निथळत ठेवला, तर पाणी सुटतं साधारण २ टक्के. म्हणजे २० लिटर, एक मोठा हंडा. तेवढीच वाळू असती तर दीडशे लिटर सुटलं असतं. समजा ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ६० मिलिमीटर मुरला. तो मावायला आपल्या खडकाची किती जाडी लागेल? ६० भागिले ०.०२, म्हणजे ३००० मिलिमीटर. चक्क तीन मीटर! वाळूत तेच पाणी ४० सेंटिमीटर चढलं असतं. म्हणून चार चांगल्या पावसांत आपली विहीर वर येते आणि गाव म्हणतं, यंदा तुडुंब. पाणी तेवढंच असतं, भांडं तेवढं अरुंद. उतरतानाही हाच हिशेब. कांद्याच्या एका पाळीला ५० मिलिमीटर पाणी दिलं, तर परत मुरणारं आणि शेजारून येणारं सोडून, तेवढ्या रानाखालची पातळी अडीच मीटर खाली जाते.

ओढ्याचं पाणीही वेगळं नव्हे. पाऊस थांबल्यावर महिनाभर ओढा वाहतो, तो दोन्ही काठांच्या मुरुमातून पाझरलेल्या पाण्यावर. विहिरींची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेतोवर पाणी ओढ्याकडे सरकतं, खाली गेली की उलट. पातळीतला फरक जितका जास्त, तितकी ही गळती जोरात. म्हणून नाला खोलीकरणाचे फोटो बघून मी लगेच टाळ्या वाजवत नाही. तळ तीन मीटर खाली नेला आणि बांध घालून पाणी अडवलं नाही, तर काठच्या विहिरींना आपणच मोरी काढून दिली. पाषाणापर्यंत खणलं तर पाणी साठून दिसतं खरं, पण मुरत नाही, आणि या भागात उघडं पाणी वर्षाला दीड मीटरच्या वर उन्हाने उडतं. तळाशी मांजऱ्या उघडा पडला तर मात्र काम सोन्यासारखं. म्हणजे आधी खडक बघायचा, मग जेसीबी बोलवायचा. होतं बरेचदा उलट.

पाचशे फुटांचं काय? खालच्या थरांच्या सांध्यांत पाणी असू शकतं, पण पाषाणातून तिथवर पोचायला त्याला फार काळ लागतो. शिवाय बोअरने पाषाणाला भोक पडतं आणि केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, नीट नसेल तर वरचं पाणी त्यातून खाली उतरतं. शेजारच्याची विहीर आटते ती अशी. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा जास्त खोलीची ती 'खोल विहीर' असं ठरवून दिलं आहे. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली.

राहिला नारळ. ओढ्याकाठी, उंबराशेजारी कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी बहुधा लागतं, आणि पाणाड्याची नजर अशा जागा बरोबर हेरते. हात नकळत हलतो, नारळ हाताबरोबर. कोरड्या गेलेल्या बोअरची मोजदाद मात्र कुणी ठेवत नाही.

हे सगळं मी भावाला अर्धा तास सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बोअरच्या गाडीचा इसार त्याने आदल्याच दिवशी देऊन ठेवला होता.