अंडरटेकर सात वेळा मेला? एकदाही नाही!

नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (अमेरिकन कुस्तीचा शो, अंडरटेकर हा त्यातलाच पैलवान) बघितलेल्या प्रत्येकाच्या वर्गात एक तरी पोरगा असायचा, जो शपथेवर सांगायचा, "अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय." (ट्रंप कार्डांच्या डावात त्याचं कार्ड सोडायला तोच शेवटपर्यंत तयार नसायचा.) ही अफवा अजूनही अधूनमधून फिरते.

सात हा आकडा कुठून आला देव जाणे, पण 'मरणं' मात्र खरंच पडद्यावर दाखवलं होतं. जानेवारी 1994 मध्ये योकोझुना आणि दहाएक पैलवानांनी मिळून त्याला शवपेटीत कोंबलं, मग पडद्यावर त्याचा 'आत्मा' वर जाताना दिसला. ऑगस्टमध्ये स्वारी हजर! 18 जानेवारी 1998 ला तर केननं (शोमध्ये त्याचा भाऊ दाखवलेला पैलवान) पेटीला कुलूप घालून, वर पेट्रोल ओतून काडीच लावली. आग विझवून कुऱ्हाडीनं झाकण फोडलं, तर आत कुणीच नाही. आम्ही पोरं गार. अहो, पण पेटी रिकामी होती म्हणजे माणूस आधीच सटकला होता, एवढंच! मार्चच्या अखेरीस रेसलमेनियात तो त्याच केनशी लढला.

अंडरटेकर म्हणजे टेक्सासचा मार्क कॅलवे. केन खऱ्या आयुष्यात त्याचा भाऊबिऊ कुणी नाही. त्याचं नाव ग्लेन जेकब्स, आणि 2018 मध्ये तो अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा महापौर झाला. कुस्त्यांचे निकाल आधी ठरतात हे तर कंपनीनं 1989 मध्येच न्यू जर्सीत सरकारदरबारी कबूल केलं होतं. आपल्या गल्लीत ती बातमी पोचलीच नाही.