पाळायला साप लहान हवा, म्हणजे नेमका केवढा?

बार्बाडोस बेटावर जगातला सर्वांत लहान साप राहतो. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची लांबी भरते जेमतेम १० सेंटिमीटर. ब्लेअर हेजेस या जीवशास्त्रज्ञाने २००८ मध्ये या सापाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि पत्नी कार्ला हिच्या नावावरून त्याचं नामकरण केलं. मादी एका वेळी एकच अंडं घालते आणि त्यातून बाहेर येणारं पिल्लू आईच्या जवळजवळ निम्म्या लांबीचं असतं. लहान साप पाळायची हौस असलेल्या माणसाला हा अगदी मनासारखा वाटेल. पण याच्याइतका पाळायला गैरसोयीचा साप शोधून सापडणार नाही. या कुळातले साप मातीत दडून राहतात आणि मुंग्या-वाळवीच्या अळ्यांवर जगतात. रोज ताज्या अळ्या आणणार कुठून?

साप भक्ष्य चावून खात नाही, अख्खं गिळतो. त्यामुळे तोंड केवढं उघडतं यावर त्याचा आहार ठरतो. खरोखर चिमुकले साप म्हणूनच किडे, गोगलगायी, गांडुळं, पाली असलं काहीतरी खातात, आणि हे खाणं वर्षभर पुरवत राहणं महाकठीण. याउलट उंदीर गिळण्याइतकं तोंड असलेल्या सापाचा प्रश्न सोपा होतो. अख्ख्या उंदरात हाडांचं कॅल्शियम, यकृतातली जीवनसत्त्वं, स्नायूंतली प्रथिनं असं सगळं एकत्र येतं. शिवाय गोठवलेले उंदीर साठवता येतात. म्हणून पहिला साप निवडताना लांबीच्या आधी विचारायचा प्रश्न म्हणजे, हा खातो काय?

या चाळणीतून उरणारी नावं थोडी आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक पूर्ण वाढल्यावर साधारण ९० ते १५० सेंटिमीटरचा, पण अंगाने सडपातळ आणि स्वभावाने शांत. मिल्क स्नेकही याच अंगलटीचा. गोठ्यात शिरून तो गायीचं दूध पितो अशी तिथल्या शेतकऱ्यांची समजूत होती, त्यावरून हे नाव पडलं. प्रत्यक्षात तो गोठ्यात येतो उंदरांसाठी. तो इतर सापही खातो, तेव्हा एका पेटीत दोन ठेवायचा मोह टाळावा. ऑस्ट्रेलियातला चिल्ड्रन्स पायथन बहुधा मीटरभराच्या आत राहतो. त्याच्या नावाचा मुलांशी काही संबंध नाही. जॉन जॉर्ज चिल्ड्रन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाचं ते आडनाव! नाव ऐकून 'मुलांसाठी योग्य' असा अर्थ काढणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

खरी गंमत लिंगभेदात आहे. पूर्व आफ्रिकेतल्या सँड बोआची मादी ६०-७० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी होते, नर मात्र बऱ्याचदा ४० च्या आसपासच थांबतो. उत्तर अमेरिकेतल्या पश्चिमी हॉगनोज सापाचंही तसंच. कारण सरळ आहे. मादीला पोटात अंडी किंवा पिल्लं वाढवायची असतात आणि शरीर जितकं मोठं तितकी त्यांना जागा अधिक. या जातींच्या नरांना मोठं होऊन विशेष फायदा नसतो. म्हणजे लहान साप हवा असेल तर जातीइतकंच लिंगही महत्त्वाचं. पिल्लाच्या बाह्यरूपावरून लिंग ओळखणं अवघड असतं, ते जाणकाराकडूनच तपासून घ्यावं. हॉगनोजबाबत एक सूचना. त्याच्या वरच्या जबड्यात मागच्या बाजूला मोठे दात असतात आणि लाळ सौम्य विषारी असते. तो सहसा चावत नाही. घाबरला तर उताणा पडून मेल्याचं सोंग करतो. पण चावून धरून राहिला तर हात चांगलाच सुजू शकतो.

'पेटी लहान ठेवली की साप लहानच राहतो' हे साफ खोटं आहे. साप किती वाढेल हे त्याची जात, लिंग आणि आहार यांवर ठरतं; काचेच्या भिंती ती मर्यादा ठरवत नाहीत. अपुऱ्या जागेत तो बुटका होत नाही, आजारी पडतो. बोटाएवढं पिल्लू पाहून जो भुलतो त्याने त्याच जातीचा पूर्ण वाढलेला साप एकदा हातात घेऊन पाहावा. बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची लांबी कॉर्न स्नेकएवढीच, पण जाडी मनगटासारखी. शिवाय त्याचं आयुष्य. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, अंडी घातली होती. सगळेच एवढे जगत नाहीत, पण वीस-पंचवीस वर्षांची तयारी हवी.

साप शरीराची उष्णता स्वतः फारशी निर्माण करत नाही, ती बाहेरून घेतो. पेटीच्या एका टोकाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २४ च्या आसपास तापमान असलं की तो गरजेनुसार जागा बदलतो. उष्णतेचं साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही जोडू नये; पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे नेहमी येतात. ऊब कमी पडली तर पचन मंदावतं, भक्ष्य पोटातच कुजू लागतं आणि साप ते ओकून टाकतो. पचन हे सापासाठी किती मोठं काम असतं पाहा: भलंमोठं जेवण झाल्यावर बर्मी अजगराच्या हृदयाचं वजन दोन दिवसांत सुमारे ४० टक्के वाढतं.

आता खरेदी. माझं मत स्पष्ट आहे, जंगलातून पकडलेला साप घेऊच नये. त्याच्या अंगात परजीवी असतात, पकडण्याच्या धसक्याने तो खाणं सोडतो, आणि जंगलातला एक साप कमी होतो तो वेगळाच. पायथन आणि बोआ 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, म्हणून सीमेपलीकडच्या व्यापाराला परवाना लागतो. कोणती जात पाळता येते याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि अनेक ठिकाणी स्थानिक साप पाळणं हा गुन्हा आहे. साप घरी आणण्याआधी हे तपासायचं, नंतर नाही.

विक्रेत्याकडे एकच हट्ट धरायचा असेल तर हा धरावा: साप माझ्यासमोर जेवू दे. नुकतंच अंड्यातून आलेलं पिल्लू स्वस्त पडतं, पण त्याने अजून उंदीर ओळखलेलाच नसू शकतो. गोठवून वितळवलेला उंदीर निदान पाच-सहा वेळा खाल्लेलं पिल्लू घ्यावं. त्याच्या जेवणाच्या आणि कात टाकल्याच्या तारखा लिहून ठेवणारा विक्रेता शहाणा. मग साप हातात घ्यावा. निरोगी साप हाताला हलकी मिठी मारतो, जीभ लवलवत ठेवतो. दोरीसारखा लोंबत नाही. तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे असतील, तर फुप्फुसाचा संसर्ग समजावा. डोळ्यांवर जुन्या कातीचा पापुद्रा अडकलेला नसावा. खवल्यांच्या खाचांत किंवा पाण्याच्या भांड्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक परजीवी, आणि ते घरातल्या प्रत्येक सापावर चढतात.

रंगांच्या बाबतीत थोडं थांबून विचार करावा. बॉल पायथनचा 'स्पायडर' हा जाळीदार रंगप्रकार देखणा दिसतो, पण ज्या जनुकामुळे हा रंग येतो त्यानेच आतल्या कानाची रचना बिघडते. असा साप डोकं डोलवत राहतो, भक्ष्यावर झेप घेताना चुकतो. 'त्याला त्रास होत नाही' असं सांगणारे विक्रेते भेटतील. मी तरी घेणार नाही.

नव्या सापाला घरच्या इतर सापांपासून दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावं. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जीवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नये. पहिला आठवडा त्याला अजिबात उचलू नये. अंग टेकेल एवढीच लपायची जागा आणि पाणी द्यावं, आणि झाकणाची कडी दोनदा पाहावी, कारण पेन्सिलीएवढ्या फटीतूनही पिल्लू निसटतं. सातव्या-आठव्या दिवशी, अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच एक उंदीर चिमट्याने पुढे करावा. त्याने घेतला, तर पुढचे ४८ तास पेटीला हात लावू नये.