बंद केलेली गोळी

फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाची शेवटची गोळी रात्री घेतली, उरलेली स्ट्रिप कपाटात टाकली आणि सकाळी नवं औषध सुरू केलं. चिठ्ठीवर औषध बदललं खरं, पण जुनं अजून अंगात मुक्कामाला असतं. फ्लुओक्सेटीनपासून यकृतात नॉरफ्लुओक्सेटीन तयार होतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला 4 ते 16 दिवस लागतात. यालाच अर्धायुष्य म्हणतात. निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं, असं पाचेक वेळा झालं की औषध जवळजवळ संपलं म्हणायचं. गुढीपाडव्याला बंद केलेल्या गोळीचा अंश अक्षय्य तृतीयेलाही रक्तात असू शकतो!

व्हेन्लाफॅक्सीन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाची तऱ्हा अगदी उलटी. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 5 तासांचं. डोस चुकला की काहींना त्याच दिवशी गरगरायला लागतं, मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. मग घरचे घाबरतात, 'आजार उलटला' म्हणतात. बहुतेकदा तो औषध एकदम तुटल्याचा परिणाम असतो.

म्हणून डॉक्टर अनेकदा जुनं औषध पायरीपायरीने उतरवतात आणि त्याच वेळी नवं हळूहळू चढवतात. एकाच जातीतल्या काही औषधांची थेट अदलाबदलही करता येते. पण दोन्ही औषधं सिरोटोनिन, म्हणजे मेंदूतलं एक निरोप पोचवणारं रसायन, वाढवणारी असली, तर हा संधिकाळ जपावा लागतो. सिरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं तर घाम फुटतो, हात थरथरतात, जुलाब होतात, ताप चढतो. तपासताना डॉक्टर पाऊल झटक्यात वर ढकलून धरतात. ते आपोआप ठकठकत राहिलं, तर ती ठळक खूण. असा संशय आला तर थेट दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

सगळ्यात कडक पथ्य एमएओ रोधक औषधांचं, म्हणजे सिरोटोनिन मोडणारं एमएओ हे एन्झाइम रोखणाऱ्या, नैराश्यावरच्या जुन्या औषधांचं. ती थांबवून दुसरं नैराश्यावरचं औषध सुरू करताना साधारण 14 दिवसांचं अंतर ठेवतात. फ्लुओक्सेटीन थांबवून ती सुरू करायची तर किमान 5 आठवड्यांचं. हल्ली ती क्वचितच लिहून दिली जातात, त्यामुळे हा नियम जुन्या पुस्तकातला वाटतो. पण औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर दिलं जाणारं लिनेझोलिड हेच एन्झाइम काही प्रमाणात रोखतं. म्हणून टीबीच्या डॉक्टरांना चालू गोळ्यांबरोबर महिन्याभरापूर्वी बंद केलेली गोळीही, तारखेसकट, सांगायची. कपाटातली ती अर्धी स्ट्रिप सोबत नेली तर उत्तमच.