धुराचं कूळ शोधावं

महापूर ओसरला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘देवीचा कोप झाला’. दुसरं जरा शिकलेलं, ‘हवामानबदलाला आपण सगळेच जबाबदार’. पहिल्यावर वेळ घालवत नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले (धोक्याची पातळी ४३), तेव्हा पाणी नवस बोलणाऱ्यांच्या घरातही शिरलंच. दुसरं वाक्य जास्त घातक, कारण ते अर्धं खरं आहे. शिवाय ते कुणाच्या सोयीचं आहे तेही बघा. स्वतःचा ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या राहणीतून हवेत किती कार्बन जातो, ते मोजायची टूम या शतकाच्या सुरुवातीला जाहिरातींतून घरोघरी नेली ती बीपी या तेल कंपनीनं.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. धुराचं कूळ मात्र बिनधास्त शोधावं, सापडतं.

निसर्गातला जवळपास ९९ टक्के कार्बन ‘१२’ वजनाचा असतो, सुमारे एक टक्का ‘१३’ वजनाचा आणि अगदी नाममात्र ‘१४’. हा कार्बन-१४ किरणोत्सारी. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेल्या कोळशात आणि खनिज तेलात त्याचा मागमूस उरत नाही. त्यामुळे कोळसा जाळला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये झाडांच्या खोडातून हे दाखवून दिलं. (पुढे अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ ची भर घालून हिशेब काही दशकं बिघडवला, ते वेगळं.)

पण ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. मग ‘हे सगळं ज्वालामुखीचं पाप’ असं फॉरवर्ड करणाऱ्याला काय सांगायचं? इथं कार्बन-१३ कामाला येतो, आणि माझा खरा जीव या भागात अडकलाय. भाताचं रोप कार्बन डायऑक्साइड घेताना हलक्या १२ ला झुकतं माप देतं, कारण त्याचं रुबिस्को हे विकर हलक्या रेणूशी जरा चटकन जुळतं. ऊस वेगळा. तो आधी दुसऱ्याच विकरानं कार्बन पकडतो, पानाच्या शिरेभोवतालच्या पेशींत कोंडतो आणि तिथं रुबिस्कोच्या हवाली करतो. कोंडलेल्या जागी निवडीला वाव नाही. जे आलं ते घ्यावं लागतं. म्हणून एका ठरावीक चुनखडीच्या तुलनेत भातातला कार्बन-१३ दर हजारी साधारण २७ नं कमी भरतो, उसातला फक्त १२ नं. मधात उसाची साखर मिसळली तर प्रयोगशाळेत पकडतात ती याच फरकावरून.

ज्या वनस्पतींचा कोळसा झाला त्या भाताच्या पद्धतीच्या. उसाची युक्ती पृथ्वीवर फार उशिरा आली. म्हणून कोळसा आणि तेल हलकं, त्याच दर हजारीच्या मापात उणे २४ ते २८ च्या घरात. ज्वालामुखीचा वायू उणे ५ च्या आसपास. आणि हवा? औद्योगिक क्रांतीपूर्वी उणे ६.५ च्या आसपास होती, आता उणे ८.५ कडे गेली आहे. जंगल जाळूनही ती हलकी होते, पण त्या धुरात कार्बन-१४ असतो. हलका आणि वर १४ शिवायचा, अशा दोन्ही खुणा जुळणारा धूर फक्त जमिनीखालून काढलेल्या इंधनाचा. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळणारं चिपाड या चौकशीत सुटतं. त्यातला कार्बन उसानं नुकताच हवेतून घेतलेला.

रसायनशास्त्र इथं थांबतं, कंपनीचं नाव सांगत नाही. ते काम संशोधक रिचर्ड हीडी यांनी २०१४ मध्ये उत्पादनाच्या जुन्या नोंदी चाळून केलं. १७५१ ते २०१० या काळातल्या औद्योगिक कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनपैकी ६३ टक्के वायूचा माग ९० उत्पादकांपर्यंत लागला. त्यात खासगी कंपन्या आहेत तशा सरकारीही. आपली कोल इंडियाही आहे.

अशा हिशेबावर कोर्टात जाता येतं का? पेरूमधल्या हुआरासचे शेतकरी साउल लुसियानो लियुया यांनी २०१५ मध्ये जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. गावावरचं हिमनदीचं सरोवर फुगतंय, त्यापासून बचावाच्या खर्चातला ०.४७ टक्के वाटा, म्हणजे जगाच्या धुरात कंपनीचा जेवढा वाटा तेवढा, कंपनीनं द्यावा, अशी मागणी. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाम्मच्या न्यायालयानं दावा फेटाळला, कारण त्यांच्या घराला पुराचा धोका पुरेसा ठरला नाही. पण एवढ्या दूरच्या नुकसानीलाही मोठा उत्सर्जक तत्त्वतः जबाबदार ठरू शकतो, हे निकालात मान्य झालं.

हिशेब मागणं कोल्हापूरला शिकवावं लागत नाही. टोलविरोधी आंदोलनात लोकांनी ठेकेदार कंपनीच्या रस्त्यांचं फेरमूल्यांकन करायला लावलं आणि टोल घालवला. महापुराचा हिशेब जास्त गुंतागुंतीचा आहे, हे कबूल. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे खरं. पण पूररेषेतली बांधकामं आणि धरणांचा विसर्ग तेल कंपन्यांच्या खात्यावर ढकलून चालणार नाही. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात, म्हणजे दर वर्षी ४ टक्के शक्यता. हे गणित जुना पाऊस पुढेही तसाच पडेल असं धरून चालतं. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर बघितलेल्या शहरानं माहिती अधिकारात पहिला अर्ज हाच टाकावा : आमची निळी रेषा कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदी धरून आखली आहे?