लातूरला राहायला येताय? ती पाण्याची गाडी विसरा

पोराला शिकवणीला घालायचं म्हणून लातुरात खोली बघणारे पाहुणे अजून विचारतात, "तुमच्याकडं रेल्वेनं पाणी येतंय म्हणं?" नाही हो, ते दुष्काळापुरतं होतं. मिरजेहून पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पोचली. दहा टँकर, साधारण पाच लाख लिटर. त्याच वर्षीच्या पावसात मांजरा धरण भरलं. शहराचं पाणी येतं ते धनेगावच्या या धरणातून.

म्हणून औसा रोड चांगला की अंबाजोगाई रोड, हे त्या गाडीवरून ठरवू नका. त्या गल्लीत नळ किती दिवसांआड येतो, हौद केवढा, मे महिन्यात बोअर टिकतं का, एवढं विचारा. घरमालकाला नव्हे, शेजारच्या बाईला.